गुडघ्याएवढ्या उंचीवरचं नाक

नाकोजींचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे आणि ते तिथेच पडून असतं. वापरात येतं ते नाकोजी. मालक पाहुण्यांसमोर जरा मान देऊन नाकोजीराव म्हणतात, फोर्कलिफ्टवाला पाठीमागे नुसतं नाक म्हणतो, आणि बायको अहो म्हणते. एवढं नाव नाकावरून पडलं, पण नाक दिसायला अगदीच बेताचं. नव्या माणसाला नाकोजी दाखवले, की तो आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग आजूबाजूला दुसरा कुणी नाकोजी आहे का ते शोधतो.

कारखाना बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्युशनचा. सोल्युशन म्हणजे रबर, आणि ते रबर विरघळवायला टोल्यूइन. टँकरमधून यायचं, जमिनीखालच्या टाकीत जायचं, तिथून पंपाने वर चढून ड्रममध्ये, आणि ड्रममधून मिक्सरमध्ये. टाकीपासून शेवटच्या ड्रमपर्यंत सगळा कारभार नाकोजींचा, गेली बत्तीस वर्षं. गोदामात मालकही त्यांना विचारून पाऊल टाकत.

टोल्यूइन दिसायला थेट पाण्यासारखं, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. पाण्याशी त्याचं मुळीच पटत नाही. दोन्ही एकत्र ओतली तर हे वर तरंगतं. म्हणून त्याच्या आगीवर पाण्याची बादली ओतणारा माणूस आग विझवत नाही, तिला गावभर फिरायला पाठवतो. रंग पातळ करायचाय, छापखान्याची शाई हलवायचीय, नखांचं पॉलिश गुळगुळीत करायचंय, चिवट रबराचा हट्ट मोडायचाय, तिथे टोल्यूइन. नाकोजी म्हणत, "गुणी आहे, कामाला वाघ आहे. फक्त त्याच्याशी चेष्टा नाही."

चेष्टा नाही, हे नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी कळायचं. नाकोजी त्याला गोदामाच्या दारात उभा करून त्याच्या खिशातला लायटर काढून घेत, मोबाइल काढून घेत, शर्टाचं कापड दोन बोटांत धरून बघत आणि नायलॉनचा असला तर घरी पिटाळत. मग व्याख्यान.

"हे बघ, हे टोल्यूइन स्वतः जळत नाही. जळते ती याची वाफ. आणि वाफ व्हायला याला ऊन लागत नाही. कडाक्याच्या थंडीत तुझे दात वाजत असतात ना, तेव्हाही ही वाफ ठिणगीची वाट बघत बसलेली असते. ती हवेपेक्षा जड. वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि खड्डा दिसला की त्यात मुक्काम करते. तू इथे उभा, तिकडे वीस पावलांवर कुणी दीडशहाण्याने काडी ओढली, की ज्वाला त्याच वाटेने तुझ्या पायाशी हजर."

मग ते एका रिकाम्या ड्रमवर हात ठेवत. "भरलेल्या ड्रमला कोण भितं?"

नवा माणूस हात वर करी.

"भिऊ नको. भरलेल्यात वाफेला जागा कमी. रिकाम्याला भी. तळाशी चमचाभर उरलेलं असतं, आणि वर सगळी वाफ नि हवा. रिकामा म्हणून त्यावर कुणी वेल्डिंग करायला गेला, तर झाकण आणि तो वेगवेगळ्या दिशांना जातात."

शेवटी तांब्याच्या वायरीची क्लिप. एका ड्रममधून दुसऱ्यात टोल्यूइन ओतताना ते नुसतं वाहण्यानेच वीज साठवतं. क्लिप लावून ती वीज जमिनीत सोडली नाही, तर ठिणगी बाहेरून आणायला नको, ते स्वतःच पाडतं. आणि सगळ्यात शेवटी त्यांचं ब्रह्मवाक्य, जे गोदामाच्या दारावर लाल रंगात लिहिलेलं होतं: "वास आला की काडी नाही, बटण नाही, पळापळ नाही." याचाच एक कागद त्यांनी घरी स्वयंपाकघरात शेगडीच्या वर चिकटवला होता. बायको सोळा वर्षं त्याच्याखाली काडी ओढत होती.

नाकोजी हे नाव पडलं त्याची गोष्ट मालक स्वतःच सांगतात, आणि दर वेळी नव्याने रंगवतात. बावीस वर्षांपूर्वीची सकाळ. मालक फाटकाशी उभे, तोंडात सिगारेट, हातात लायटर. समोरून नाकोजी येत होते. अचानक थांबले, हवेत दोनदा हुंगलं, आणि एका झेपेत येऊन मालकांच्या हातावर असा फटका मारला, की लायटर गटारात आणि सिगारेट मालकांच्या शर्टाच्या खिशात. मालकांनी तोंड उघडलं ते नोकरीवरून काढायला. पण नाकोजी म्हणाले, "मागची झडप रात्रभर गळतेय. इथपर्यंत आलंय." जाऊन बघितलं तर खरंच. फाटकापासून टाकीपर्यंत चांगली साठ पावलं. मालकांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं, आणि दुपारच्या चहाला नाकोजीराव म्हणून हाक मारली.

तेव्हापासून वर्षातून एकदा खेळ व्हायचा. पाहुणे आले की मालक स्वतःच्या रुमालाने नाकोजींचे डोळे बांधत, समोर वेगवेगळ्या द्रवांच्या पाच बाटल्या ठेवत, आणि नाकोजी एकेक हुंगून नाव सांगत. कधी चुकले नाहीत. वायूचा सुगावा लावून भोंगा वाजवणारं यंत्र विकायला दरवर्षी एकजण यायचा. मालक त्याला चहा पाजत आणि हा खेळ दाखवून परत पाठवत. "तुमच्या यंत्राला बॅटरी लागते," ते म्हणत, "माझ्याला फक्त चहा लागतो."

नाकोजींना या सगळ्याचा अभिमान होता का? होता, आणि चांगला नाकापेक्षा मोठा होता. घरी आले तरी उतरायचा नाही. त्यातही त्यांना एका गोष्टीचं फार कौतुक. कारखान्यातून सुटायची वेळ कधी ठरलेली नसे, टँकर उशिरा आला की उशीर. पण ते तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात पोहोचले, की आत चहाला नेमकी उकळी फुटत असायची. एक मिनिट अलीकडे नाही, पलीकडे नाही. ते सगळ्यांना सांगत, "आमची ही पावलं ओळखते. तिसाव्या पायरीवर माझं पाऊल पडलं की आधण ठेवते." बायको यावर काही बोलत नसे. कप धुऊन ठेवी.

मग गेल्या थंडीत सर्दी झाली. साधीच, शिंकांची. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

पहिले दोन आठवडे नाकोजींनी वाट बघितली. टोल्यूइनचा ड्रम उघडून तोंड जवळ नेलं, तर काही नाही. जणू आत पाणीच आहे. ॲसिटोन, स्पिरिट, सगळं पाणी. बत्तीस वर्षं वाफांच्या संगतीत बसलेलं नाक तसंही थकलेलं असणार. टोल्यूइनची ती खोडच आहे. सुरुवातीला झोंबतं, मग थोड्या वेळाने नाक त्याची दखल घेणं सोडतं, आणि माणसाला वाटतं की वास गेला. वास नाही गेलेला, नाक गेलेलं असतं. जास्त वेळ वाफेत उभं राहिलं तर डोकं दुखतं, मग गरगरतं, मग माणूस विनाकारण हसायला लागतो. नाकोजी हे सगळं दुसऱ्यांना शिकवत आले होते. स्वतःवर आल्यावर मात्र त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

घरी हे कुलूप नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी बायको खाली गेली होती आणि दूध शेगडीवर होतं. ती परत आली तेव्हा जिन्यात करपलेला वास, घरात धूर, आणि धुराच्या मधोमध खुर्चीत नाकोजी वर्तमानपत्र वाचतायत.

तिने गॅस बंद केला. पातेलं मोरीत ठेवलं. मग समोर येऊन उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?" नाकोजी वर्तमानपत्रातून बोलले.

"अहो, पातेलं काळं ठिक्कर पडलंय. शेजारची खोकत दार वाजवून गेली. कधीपासून वास येत नाही तुम्हाला?"

नाकोजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "येईल परत."

"आणि नाही आला तर? मालकांना सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"वेळ बघून."

ही वेळ बघता बघता आठ महिने गेले. वेळ काही सापडेना. खरं सांगायचं तर नाकोजी घाबरले होते. नोकरी जाईल म्हणून नव्हे, नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि मालक काढणारे नव्हते. नाव जाईल म्हणून. बावीस वर्षं माणूस नाकोजी असतो आणि मग एका सकाळी नुसता हजेरीपटावरचा कुणीतरी होतो, हे त्यांना सोसवत नव्हतं.

म्हणून त्यांनी एक चोरवाट काढली. अंगठ्यावर थेंब घ्यायचा. ॲसिटोन बर्फासारखं लागतं आणि श्वास सोडायच्या आत नाहीसं होतं. स्पिरिट गार लागतं, पण जरा रेंगाळतं. टोल्यूइन त्याहून सावकाश उडतं आणि मागे कातडी ताणल्यासारखी कोरडी करून जातं. टोल्यूइनचं भावंड झायलीन तर पाहुण्यासारखं, उठतो उठतो म्हणत बसून राहतं. पाणी बिचारं तिथेच. महिन्याभरात नाकोजींचा अंगठा असा तयार झाला, की नाकाने कधी एवढी बारीक कामगिरी केली नसेल. गोदामात कुणी विचारलं, "काका, या ड्रमवरचं लेबल फाटलंय, काय आहे बघा," की नाकोजी झाकण उघडत, ऐटीत नाक खाली नेत, आणि त्याच वेळी अंगठा हळूच ओला करत.

त्यांना पकडलं लॅबवालीने. ही पंचविशीची पोरगी, माल तपासायची, आणि एरवी नाकोजींची लाडकी.

"काका, हात दाखवा."

"ज्योतिष शिकलीस काय?"

"दाखवा ना."

नाकोजींनी डावा हात पुढे केला. तिने उजवा धरला. अंगठ्याची कातडी पांढरी पडून भेगाळली होती, वाळलेल्या साबणासारखी.

"मला पहिल्या आठवड्यात तुम्ही काय सांगितलं होतं?" ती म्हणाली. "टोल्यूइन कातडीतलं सगळं तेल शोषून घेतं, हातमोज्याशिवाय थेंबही लागू द्यायचा नाही. माझा एकदा हात ओला झाला तर तुम्ही पाऊण तास बोलला होतात. काका, तुम्हाला वास येत नाही ना?"

नाकोजी म्हणाले, "हळू बोल." याचा अर्थ हो, हे तिला कळलं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही सांगा. अंगठ्याला बाटली कळते. गळती नाही कळत."

हे वाक्य नाकोजींना झोंबलं. झोंबलं म्हणजे रात्री जेवताना घास तोंडात फिरायला लागला. कारण खरं होतं. ड्रम उघडून थेंब घेता येतो, पण जमिनीवरून सरपटत येणाऱ्या वाफेत कुठे अंगठा बुडवणार? कारखान्यात साठ माणसं, आणि ती साठ माणसं निवांत होती, कारण दारात नाकोजी बसले होते. तरीही सकाळी उठून ते कामावर गेले आणि गप्प राहिले. अभिमान हा प्राणी असाच आहे, मालकाचं न खाता मालकालाच खातो.

आणि मग विमा कंपनीचा माणूस आला.

बुटका, सावकाश बोलणारा, बगलेत फाइल. गोदाम बघितलं, क्लिपा बघितल्या, नट आवळायचे पितळी पाने बघितले, कारण लोखंडी पाना हातातून पडला तर ठिणगी पाडतो. सगळं ठाकठीक. मग म्हणाला, "वायू ओळखणारं यंत्र दिसत नाही कुठे."

मालकांचा चेहरा उजळला. ते जणू याच प्रश्नाची बावीस वर्षं वाट बघत होते. "यंत्र? या, दाखवतो. चालतं-बोलतं आहे."

पाच मिनिटांत मालकांच्या खोलीत मैफल जमली. टेबलामागे मालक, खुर्चीत विमावाले साहेब, दारात फोर्कलिफ्टवाला आणि आणखी चारपाच जण, आणि पाच बाटल्यांचा ट्रे घेतलेली लॅबवाली. तिचा चेहरा गोरामोरा झाला होता. मालकांनी रुमाल काढून नाकोजींचे डोळे बांधले. गाठ मारताना कानात म्हणाले, "नाकोजीराव, आज जरा ऐटीत."

नाकोजींनी पहिली बाटली उचलली. नाकाशी नेली. अंगठा ओला केला. "ॲसिटोन."

"बरोबर," लॅबवाली पुटपुटली.

दुसरी. "स्पिरिट." तिसरी हातात घेतली तेव्हाच जड लागली. "पाणी. मला फसवता काय?" दारातले हसले. चौथी बराच वेळ अंगठ्यावर बसून राहिली. "झायलीन." टाळ्या पडल्या. नाकोजींच्या छातीत पूर्वीसारखी ऊब आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला.

पाचवी बाटली हातात आली. अंगठा ओला झाला. गार, सावकाश, आणि मग कातडी ताणली गेली. बत्तीस वर्षांची ओळख.

तेवढ्यात डोळ्यांवरच्या पट्टीच्या पलीकडून विमावाल्या साहेबांचा आवाज आला. "थक्क झालो. मग मी लिहू ना, यंत्राची गरज नाही म्हणून?"

"बिनधास्त लिहा," मालक म्हणाले. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

नाकोजींना अंधारात ते पेन कागदावर टेकलेलं दिसलं. एक शब्द बोलला की नाव राहत होतं. पण 'गरज नाही' हे वाक्य एकदा फाइलमध्ये गेलं, की साठ माणसांच्या रखवालीला एक मेलेलं नाक बसणार होतं, आणि पुढे कोणी पुन्हा विचारणारही नव्हतं. 

"पाणी," ते म्हणाले.

मालक हसले. "गंमत करतायत. नाकोजीराव, नीट बघा."

"पाणीच आहे. स्वच्छ पाणी." नाकोजींनी डोकं मागे केलं. "तहान लागलीच आहे, म्हटलं पिऊनच दाखवतो." आणि बाटली ओठांकडे नेली.

मालकांनी टेबल ओलांडून कशी उडी मारली ते त्यांना स्वतःलाही आठवत नाही. त्यांचा फटका नाकोजींच्या हातावर असा बसला, की बाटली भिंतीवर आपटून फुटली आणि टोल्यूइन सतरंजीवर पसरलं. बावीस वर्षांची फेड एका फटक्यात झाली.

नाकोजींनी रुमाल ओढून काढला. आता मात्र आवाज जुना होता. "कुणी बटणाला हात लावायचा नाही! पंखा चालू आहे, चालू राहू दे. किटली बंद आहे, बंद राहू दे. मोबाइल खिशात. पळायचं नाही. चला बाहेर!"

सगळे चालत बाहेर आले. विमावाले साहेब एक बूट आत विसरून आले होते, तो काढून ते पाय ताणून बसले होते म्हणून. अंगणात ऊन होतं. मालक लाल झाले होते, आणि लॅबवाली तोंडावर हात धरून उभी होती.

"साहेब," नाकोजी म्हणाले, "आठ महिने झाले, मला कशाचाच वास येत नाही."

"मग त्या चार बाटल्या?" साहेबांनी विचारलं.

नाकोजींनी अंगठा वर केला. पांढरा, भेगाळलेला. "याने सांगितल्या. पाचवीही सांगितली होती. पण गळती झाली तर हा काय सांगणार?"

मग फोर्कलिफ्टवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "काका, उन्हाळ्यात मी विचारलं होतं, खाली वास येतोय का. तुम्ही हुंगून नाही म्हणालात. मी तिथेच बसून डबा खाल्ला."

नाकोजींची मान खाली गेली. या एका वाक्याने जेवढी लाज वाटली, तेवढी ती आठ महिन्यांत मिळून वाटली नव्हती. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं."

"मला का नाही सांगितलं?" मालकांचा आवाज चढला.

"तुम्ही मला नाकोजी म्हणत होतात."

मालक काहीतरी बोलणार होते, पण विमावाले साहेब एका पायावर उभे राहून फाइलमध्ये लिहायला लागले होते, आणि ते वाचायला मालकांना वाकावं लागलं.

मालक आठ दिवस नाकोजींशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी यंत्र आलं. यंत्र विकणाऱ्याला या वेळी चहा मिळाला नाही, पण तो इतका खूश होता की त्याला ते कळलंही नाही. पिवळी पेटी, पुढे जाळीदार गोल तोंड, वर लाल दिवा. मालकांना ती दाराच्या वर हवी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. शिडी लागली, कारागीर वर चढला.

"खाली उतर," नाकोजी म्हणाले.

"आता काय?" मालक बोलले, आणि अबोला सुटला.

नाकोजी गोदामाच्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि पंपाच्या खड्ड्याशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, त्यांनी खडूने फुली मारली. "इथे. वाफ खालून येते. वर टांगलंत तर याला कळेपर्यंत आपण सगळे आणखी वर गेलेले असू."

मालकांनी फुलीकडे बघितलं, नाकोजींच्या गुडघ्यांकडे बघितलं. "लाव रे तिथे," ते कारागिराला म्हणाले. कामगारांनी दुपारपर्यंत पेटीचं नाव ठेवलं, धाकटे नाकोजी. थोरल्यांना ते ऐकू येत होतं. सकाळी आत शिरताना त्या पेटीकडे न बघता जायची त्यांनी सवय लावून घेतली. सवत आणल्यासारखं वाटायचं.

सतरा दिवस पेटी गप्प होती. अठराव्या दिवशी दुपारी टँकर रिकामा होत असताना नाकोजी नेहमीसारखे पंपाच्या खड्ड्यात उतरायला निघाले. तीन पायऱ्यांचा खड्डा, खाली झडप, ती रोज बघायची. एक पाय त्यांनी पहिल्या पायरीवर ठेवला, आणि गुडघ्याशेजारी पेटी किंचाळली.

पहिला विचार नाकोजींच्या मनात आला तो त्यांना शोभणारा होता: बघा, नवं आहे, उगाच कांगावा करतंय. त्यांनी सवयीने हवा हुंगली. काही नाही. स्वच्छ. पाय दुसऱ्या पायरीकडे निघाला.

तो निघाला आणि हवेतच थांबला. काही नाही, म्हणजे त्यांना काही नाही.

त्यांनी पाय मागे घेतला. टँकरवाल्याला ओरडून झडप बंद करायला लावली, सगळ्यांना चालत बाहेर काढलं. तासाभराने वाफ निवळल्यावर बघितलं, तर पंपाचा जोड निसटून खड्ड्यात घोटाभर टोल्यूइन साठलेलं. उतरले असते तर दोनचार श्वासांत डोकं गरगरलं असतं, तिथेच खाली बसले असते, आणि उचलायला आलेला फोर्कलिफ्टवाला त्यांच्या शेजारी बसला असता. लॅबवालीने हे सगळं आकड्यांत सांगितलं. नाकोजींनी ऐकलं नाही. ते पेटीसमोर उकिडवे बसले होते आणि खिशातल्या रुमालाने तिच्या जाळीवरची धूळ पुसत होते.

घरी निघायला उशीर झाला. दुपारीच कुणीतरी फोन करून बायकोला सांगितलं होतं की भोंगा वाजला, सगळे बाहेर आले. सगळे म्हणजे कोण कोण, ते सांगायचं राहून गेलं, आणि फोन परत लागेना. नाकोजींना हे ठाऊक नव्हतं. ते जिना चढले, दार उघडलं, आणि आत चहाला नेमकी उकळी फुटत होती.

बायको शेगडीसमोर पाठमोरी उभी होती. वळली नाही. खांदे हलत होते.

"अगं, काय झालं?"

"काही नाही."

ते जवळ गेले. तिचे डोळे ओले होते. तिने पदराने पुसले आणि त्यांच्या शर्टाची कॉलर धरून नाकाशी नेली.

"येतोय का वास?" नाकोजींनी विचारलं. "मला कळत नाही. कसा येतो?"

"गोडसर," ती म्हणाली. "उग्र. नव्या रंगासारखा. बत्तीस वर्षं येतोय. तुम्ही खालचं दार उघडता ना, तेव्हा आधी हा वर येतो, मग तुम्ही."

नाकोजी बघत राहिले. "म्हणजे पावलं…"

"कसली पावलं? तीन मजल्यांवरून पावलं ऐकू येतात का कुणाला? तुम्हाला सांगताना आनंद व्हायचा, मी कशाला मोडू?" तिने कप पुढे ओढले. "आज दोन तास बसले होते दार उघडं टाकून. मग जिन्यातून वास आला. म्हटलं आले. उठून गॅस पेटवला."

नाकोजींची नजर शेगडीवरच्या कागदाकडे गेली. वास आला की काडी नाही, बटण नाही, पळापळ नाही. खाली निळी ज्योत शांतपणे जळत होती. ते काही बोलणार तोच चहा उतू गेला.